इन्व्हर्टरवरची जागा

अप्पांनी प्लग ओढला. टेबलाखालच्या कॉम्प्युटरचे पंखे घरघरत मंदावले, टीव्हीवरची नवरी गेली आणि खोलीत परत फक्त आईच्या ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज उरला. फुस्स, टक. फुस्स, टक.

"वैजू, हे इथं चालायचं न्हाई," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी अजून ते नीट लावलंही नाही."

"नुसतं बसल्या बसल्या किती करंट खातंय ते बघितलंस काय?"

वॅटमीटर त्यांच्याच हातात होता. बोर्ड आणि प्लग यांच्यामध्ये लावायचं ते छोटं यंत्र मीच कोल्हापूरहून आणलं होतं, आणि आणल्यापासून अप्पांनी ते घरातल्या प्रत्येक वस्तूला लावून पाहिलं होतं. मिक्सर झाला, फ्रीज झाला, देवघरातला लाल दिवासुद्धा झाला. माझ्या कॉम्प्युटरला लावलं तेव्हा आकडा शंभराच्या आसपास जाऊन थांबला होता, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"इन्व्हर्टरवर शालनचं मशीन आहे. त्याच्या वाट्याचं मी कुणाला देणार न्हाई."

आई पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. तिनं नाकातली नळी बोटानं सारखी केली, माझ्याकडे पाहिलं, मग त्या बंद पडलेल्या धुडाकडे पाहिलं.

"मग लहान आण की," ती म्हणाली. "पण आण. आणि कायम सुरू राहील असं आण. बंद-चालू करायची भानगड नको मला."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझे अप्पा, दत्ताराम गुरव, यांना आजऱ्यात सगळे व्हिडिओवाले म्हणूनच ओळखत. पंचवीस-तीस वर्षं तालुक्यातली लग्नं, जत्रा, गणपतीतली नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं त्यांनी कॅमेऱ्यात घेतली. खांद्यावर कॅमेरा घेतलेले अप्पा आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर मोठा दिवा उंच धरून उभी असलेली आई, हे चित्र त्या भागातल्या कुठल्याही मांडवात दिसायचं. दिवा धरायला माणूस ठेवा असं लोक म्हणायचे. अप्पा म्हणायचे, शालनसारखा दिवा धरणारा दाखवा, ठेवतो. नवरीच्या तोंडावर सावली पडायची नाही, आणि वऱ्हाडाच्या पायात वायर यायची नाही. घरी परतल्यावर तिचा उजवा हात खांद्यापासून दुखायचा, तो अप्पा तेल लावून चोळत बसायचे.

मग मोबाइलवर शूटिंग करणारी पोरं आली, अप्पांनी दुकान आवरलं, आणि दोघं जरा निवांत होतायत तोवर आईचा खोकला सुरू झाला. फुफ्फुसं आखडत चाललीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधानं ते थांबवता येतं, मागं फिरवता येत नाही. पुढे चोवीस तास ऑक्सिजन लागू लागला. वीज खाऊन हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घरी आलं. ते अखंड चालवायचं म्हणून अप्पांनी नवा इन्व्हर्टर बसवला, दुप्पट मोठी बॅटरी घेतली.

मशीन आलं त्या महिन्यातच एकदा नळी मागच्या बाजूनं निसटली. आईला डुलकी लागली होती. अप्पा मागच्या पडवीत अंघोळीला बसले होते आणि तिथून त्यांना मशीनचा आवाज बदललेला ऐकू आला. ओल्या अंगानं धावत आले तर आईचे ओठ निळसर झालेले. त्यांनी नळी जोडली, ती पाचेक मिनिटांत सावरली. पण त्या दिवसापासून अप्पांनी तिच्या पलंगाशेजारी स्टूल मांडलं आणि ते मशीन ऐकत बसू लागले. बाजारात जाणं बंद, देवळात जाणं बंद. जेवतानासुद्धा ताट घेऊन तिथंच. कुणी बोलायला लागलं की हात वर करून "जरा थांब" म्हणत आणि कान द्यायचे. मी आले की त्यांना म्हणायचे, "अप्पा, मी आहे ना, जरा फिरून या." ते मान हलवायचे आणि बसून राहायचे.

अशात आईनं हा हट्ट धरला. माळ्यावर अप्पांच्या कॅसेटी होत्या, दोन पत्र्याच्या ट्रंका भरून. त्या सगळ्या टीव्हीवर दिसल्या पाहिजेत, रिमोट दाबला की लगेच, आणि दिवसभर. मला वाटलं, एका खोलीत अडकलेल्या बाईला करमणूक हवी, जुने दिवस बघावेसे वाटत असतील. मी कोल्हापुरात कॉम्प्युटरचं नेटवर्क बसवून देणाऱ्या कंपनीत होते, म्हणजे काम माझ्याच हातातलं. ऑफिसनं मोडीत काढलेला एक दणकट कॉम्प्युटर उचलला, नमुन्याला एक कॅसेट त्यात भरली आणि दिवाळीला घेऊन आले. त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

परत गेल्यावर मी ते धूड टेबलावर ठेवून आमच्या इरफान बागवानला सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारी बसायचा आणि त्याला अशा जोडाजोडीचं वेड होतं.

"तुझे वडील बरोबर बोलले," तो म्हणाला. "चोवीस तास चालणारी वस्तू घ्यायची तर ती पळते किती हे बघू नये. रिकामी बसल्यावर खाते किती हे बघावं. तुझा हा सर्व्हर दिवसातले वीस तास नुसता बसूनच असणार."

"पण इतके व्हिडिओ चालवायला जोर लागेल ना."

"कशाला? व्हिडिओ टीव्हीला कळेल अशा रूपात नसेल तर तो बदलायला जोर लागतो. ते बदलायचं काम इथं एकदाच करून टाक. स्वयंपाक सगळा इथं उरकायचा, आजऱ्यात फक्त वाढप. वाढायला कितीसं बळ लागतं?"

मग आम्ही एकेका भागाचा विचार करत बसलो. प्रोसेसर मदरबोर्डावरच बसवलेला, अगदी साधा, पंखा न लागणारा. मोठ्या फिरत्या हार्ड डिस्क ऑफिसात फुकट पडल्या होत्या, त्या घ्याव्यात असं माझ्या मनात होतं. इरफाननं त्यातली एक मीटरला लावून दाखवली. ती एकटीच आख्ख्या बोर्डाइतकं खात होती, शिवाय सतत गुणगुणत होती. अप्पांना त्या खोलीत दुसरी गुणगुण चालणार नाही हे मला तेवढ्यात उमगलं. म्हणून न फिरणारी, चिपवाली डिस्क घेतली आणि फिरती कोल्हापूरलाच ठेवली, कॅसेटींची दुसरी प्रत राहावी म्हणून. मेमरीची एकच पट्टी. पहिला ॲडॉप्टर स्वस्तातला आणला तर तो स्वतःच गरम होऊन वीज वाया घालवत होता, तो बदलला. शेवटी जे तयार झालं ते जेवणाच्या डब्याएवढं होतं आणि व्हिडिओ चालू असतानाही सात वॅटच्या पुढे जात नव्हतं.

कॅसेटींचं काम मात्र हिवाळाभर पुरलं. काहींना बुरशी आली होती, काही नुसत्या पट्ट्या-पट्ट्या दाखवत होत्या. जुन्या दणकट कॉम्प्युटरला मी त्यासाठीच जुंपलं. ऑफिस सुटलं की एक कॅसेट लावून ठेवायची आणि दुसरं काम करत बसायचं. मागे सनई वाजत असायची, कुणीतरी "अहो भटजी, इकडे बघा" म्हणत असायचं. कधी मध्येच आईचा आवाज यायचा, "दिवा हलवू काय?" आणि त्यावर अप्पांचा, "नको, आहे तिथंच थांब."

मे महिन्यात मी तो डबा घेऊन आजऱ्याला आले. अप्पांनी आधी वॅटमीटर लावला. बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले, मीटर काढून परत लावला.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि टीव्ही?"

"तो जास्त खातो. लाइट गेली की टीव्ही बंद करायचा."

"मग आवाज तरी राहू दे," पलंगावरून आई म्हणाली. "आवाजाला काय लागतंय."

म्हणून मी डब्याला एक लहानसा स्पीकरही जोडून दिला. अप्पांनी सात वॅटला परवानगी दिली, पण स्टूल काही सोडलं नाही. टीव्हीवर त्यांनीच घेतलेलं कुणाचं तरी लग्न चालू होतं आणि ते तिरके बसून मशीनला कान लावून होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाहेर मोठा आवाज झाला आणि लाइट गेली. इन्व्हर्टर लागला, मशीन चालूच राहिलं. मी टीव्ही बंद केला, छताचा पंखा बंद केला. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तर फणसाची फांदी तारांवर पडली होती आणि ट्रान्सफॉर्मर जळाला होता. लाइनमन म्हणाला, "दुसरा आणायला लागंल ताई. संध्याकाळ तरी होतीया."

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं. त्यांनी बॅटरीकडे पाहिलं. मशीन एकटं तीनशेच्या वर वॅट खायचं, आणि बॅटरी आता नवी राहिली नव्हती. दुपार निघाली असती, संध्याकाळ निघाली नसती.

"ऑक्सिजनचा जादा सिलिंडर आहे ना?" मी विचारलं.

आईच म्हणाली, "शेजाऱ्यांच्या हातून गडहिंग्लजला भरायला दिलाय. गेल्या आठवड्यात भरून झालाय. तुझ्या अप्पांना घर सोडवंना, म्हणून तिथंच पडलाय."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तालुक्याची गाडी एका पेशंटला घेऊन कोल्हापूरला गेली होती, परतायला वेळ होता. शेजारचे नार्वेकर लग्नाला बेळगावला. दारात अप्पांची जुनी व्हॅन होती, पण ती मला चालवता येत नव्हती. माझ्या स्कूटरवर तो उंच सिलिंडर बसला नसता.

"अप्पा, तुम्हालाच जायला लागेल."

"आणि इथं कोण?"

"मी आहे."

"तुला आवाज कळत न्हाई," ते म्हणाले. रागानं नाही, साधं सांगितल्यासारखं. "नळीत पाणी आलं की वेगळा येतो, निसटली की वेगळा. तुला न्हाई कळायचं. मी गेलो आणि वाटेत असताना काय झालं तर मला समजणार कसं?"

ते स्टूलावरून उठेनात. किती बॅटरी राहिली असेल याचा हिशेब डोक्यात चालू होता आणि समोर हा माणूस बसलेला, ज्याला जायला हवं होतं आणि जाता येत नव्हतं.

आईनं हात लांब करून रिमोट उचलला. टीव्ही बंद होता, पण बटणं तिला पाठ झाली होती. स्पीकरमधून बँडचा आवाज आला, मग सनई, मग माणसांचा गलका.

"हे कुठलं सांगा," ती अप्पांना म्हणाली.

अप्पांनी क्षणभर ऐकलं. "उत्तूर. सावंतांच्या थोरलीचं."

"हे आणि माझं मशीन एकाच बॅटरीवर आहे ना?"

"व्हय."

"मग वैजूचा फोन या स्पीकरजवळ ठेवूया. तुमचा फोन कानाला लावून जावा. लग्न ऐकू येतंय तोवर करंट आहे. आणि नळीचं मी बघते. जागी आहे मी. लागलं तर मी लग्न थांबवीन, मग तुम्ही फोनवर बोला." एवढं बोलून तिला धाप लागली. दम घेऊन ती म्हणाली, "जावा आता."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन लावला, त्यांच्या खिशातला वाजला, त्यांनी उचलला. मी माझा फोन मोठ्या आवाजावर करून स्पीकरच्या तोंडाशी ठेवला. ते दारापर्यंत गेले, अंगणात गेले, तिथून परत वळून म्हणाले, "येतंय ऐकू." मग व्हॅनचा आवाज आला आणि लांब गेला.

खोलीत उकाडा होता. मी पुठ्ठ्यानं आईला वारा घालत होते. स्पीकरवर उत्तूरचं लग्न सावकाश पुढं सरकत होतं. मंगलाष्टकं झाली. फोन तिकडून चालू होता, त्यामुळे आम्ही हळू बोलत होतो.

"आई, तुला एवढी कॅसेटींची आठवण येते हे मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

तिनं फोनकडे बोट दाखवलं. मी तो उचलून हलकेच थोडा पलीकडे सरकवला.

"मला कुठली आठवण," ती कुजबुजली. "मी सगळीकडे होतेच की. मला त्यातलं काय बघायचंय?"

"मग?"

तिला थांबत थांबतच बोलावं लागायचं.

"वर्ष झालं, ते माझा श्वास ऐकत बसलेत. दुसरं काही ऐकत न्हाईत. मी खोकले की त्यांचं तोंड उतरतं. मी गप्प झोपले की उठून वाकून बघतात. मला रडायचं असलं तरी मी रडत न्हाई, आवाज बदलंल म्हणून. म्हटलं, घरात कायम काहीतरी दुसरं वाजलं पाहिजे. त्यांच्या कानांना काम पाहिजे. रेडिओ लावला तर ते बंद करतात, मशीन ऐकू येत न्हाई म्हणतात. स्वतःचं काम मात्र बंद करायचे न्हाईत, एवढं मला माहीत होतं."

मी पुठ्ठा हलवत राहिले. इतके महिने मी तिच्यासाठी प्रोसेसर शोधत होते, डिस्क शोधत होते, ॲडॉप्टर बदलत होते, आणि ते तिच्यासाठी नव्हतंच.

फोनमधून अप्पांचा आवाज आला. मी पटकन कानाला लावला.

"वैजू, दुकान बंद आहे. जेवायला गेलाय तो."

"घर विचारा कुणाला तरी."

"विचारतोय. फोन परत तिथं ठेव. लग्न ऐकू येऊ दे."

मी ठेवला. बराच वेळ तिकडून नुसता रस्त्याचा आवाज येत होता. मग शटर वर गेल्याचा, कुणाशी तरी बोलल्याचा, लोखंड आपटल्याचा. "मिळाला," अप्पा म्हणाले. "निघालो."

ते निघाले आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर पहिल्यांदा टूं वाजला. बॅटरी संपत आल्याची ती खूण. मशीन चालू होतं, पण आईनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी उठून इन्व्हर्टरपाशी गेले. आता त्यावर मशीन होतं आणि तो डबा होता. दुसरं काही नाही. माझा हात डब्याच्या प्लगपर्यंत गेला.

मनाशी हिशेब केला. सात वॅट वाचवून मशीनला किती जास्त मिळालं असतं? दोन-चार मिनिटं, फार तर. आणि लग्न मध्येच थांबलं तर घाटातल्या वळणांवर, भरलेला सिलिंडर मागे घेऊन येणाऱ्या त्या माणसाला काय वाटेल?

"राहू दे," आई म्हणाली.

मी हात मागे घेतला आणि आईच्या पाठीवर ठेवला. इन्व्हर्टर मधूनमधून टूं वाजत राहिला. स्पीकरवर जेवणाच्या पंगती चालू झाल्या होत्या. कुणीतरी जिलेबी घेण्याचा आग्रह करत होतं. आईनं डोळे मिटले होते, पण तिचं बोट माझ्या मनगटावर हलत होतं, जागी असल्याचं सांगत.

पंगत उठत होती तेव्हा व्हॅन अंगणात आली. अप्पा सिलिंडर तिरका करून गडगडत आत घेऊन आले. फोन अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात होता आणि त्यातून तेच लग्न बारीक आवाजात वाजत होतं. त्यांनी चावी फिरवली, काटा वर आला, नळी बदलली. मशीन मी बंद केलं.

आणि खोलीत ते फुस्स-टक थांबलं. वर्षभरात पहिल्यांदाच. सिलिंडर आवाज करत नाही. मला वाटलं, आता अप्पा घाबरणार. ते पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी आईच्या छातीकडे पाहिलं, ती संथ वरखाली होत होती. मग स्पीकरकडे पाहिलं.

"त्या दिवशी तू दिवा फार जवळ आणला होतास," ते म्हणाले. "नवरदेवाचं कपाळ सगळं पांढरं आलंय."

"मी न्हाई. तुम्हीच पुढं गेला."

"मी कशाला पुढं जाईन?"

"व्याही भेट घ्यायला."

अप्पा हसले. मला आठवतं, मी तशीच मागच्या पडवीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. आतून इतकं हलकं वाटत होतं की बसावंसं वाटेना.

दिवेलागणीला लाइट आली. आम्ही परत मशीन लावलं. मी टीव्ही चालू केला तर उत्तूरचं लग्न संपून आपोआप दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, कुठल्याशा शाळेतली पोरं डोक्याला फेटे बांधून नाचत होती. अप्पा पहिल्यांदाच स्टूल सोडून भिंतीशी टेकून, टीव्हीकडे तोंड करून बसले. पोरांची नावं सांगू लागले. हा आता कॅनडात आहे, ही डॉक्टर झाली. हळूहळू त्यांचं बोलणं तुटक झालं आणि मान एका बाजूला कलली.

मी आवाज कमी करायला रिमोट घेतला. आईनं मला हातानं थांबवलं.

"नको. असू दे चालू," ती म्हणाली. "झोपलेत."

मशीन फुस्स-टक करत होतं. एकदा नळीत पाणी गुरगुरलं, आवाज बदलला. मी अप्पांकडे पाहिलं. ते हलले नाहीत. मी उठले, नळी उंच धरली, पाणी परत मशीनच्या बाटलीत सोडलं, आणि आवाज पहिल्यासारखा झाला.

"कळला की तुला," आई म्हणाली.